बी क्रमांक ९२ : ब्लॅकजॅकच्या टेबलावरचा कॅट

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातील कॅसिनोंमध्ये ब्लॅकजॅकच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या जो पत्त्यांचा कॅट दिसत आला आहे, त्याचे नाव ‘बी’ आणि क्रमांक ९२. संग्रहासाठी पत्ते विकत घेणाऱ्यांचे लक्ष हल्ली सोनेरी कडांच्या आणि नक्षीदार खोक्यांतल्या महागड्या कॅटांकडे जाते, आणि लाल किंवा निळ्या शंकरपाळ्यांच्या जाळीचा हा साधा कॅट मागे पडतो. माझ्या मते हे योग्य नाही. ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता एकवीसच्या जवळ नेण्याचा खेळ, कोठून आला आणि तो आज आहे तसा का झाला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी याहून बोलकी वस्तू बाजारात नाही. या खेळाचा सारा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो म्हणजे कॅटमध्ये पुढे कोणता पत्ता आहे हे टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक आहे. या पत्त्यांची पाठ, कोपरे आणि कडा नीट पाहिल्या, तर त्या प्रश्नाशी प्रत्येकाचा काही ना काही संबंध असल्याचे लक्षात येते.

परीक्षणासाठी माझ्यासमोर दोन कॅट आहेत. एक नवा, सीलबंद खोक्यातला. दुसरा लास व्हेगासमधल्या एका कॅसिनोच्या टेबलावर वापरून झाल्यावर तिथल्याच भेटवस्तूंच्या दुकानात विकला गेलेला. अमेरिकेत राहणाऱ्या धाकट्या बहिणीने दोन्ही पाठवले. वापरलेल्या कॅटच्या मधोमध आरपार भोक पाडलेले आहे. कॅसिनोतले पत्ते बाद करण्याची हीच रूढ पद्धत आहे. काही ठिकाणी भोकाऐवजी कोपरे छाटतात. टेबलावरून उतरलेला एक्का कोणी खिशातून पुन्हा टेबलावर आणू नये, एवढाच त्यामागचा हेतू. इतिहासाच्या दृष्टीने मला नव्या कॅटपेक्षा हा भोक पडलेला कॅटच अधिक मोलाचा वाटतो.

प्रथम हाताला काय जाणवते ते सांगतो. पत्ता अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब आहे. दोन कागद एकमेकांना चिकटवून तो तयार होतो आणि मधल्या गडद थरामुळे दिव्यासमोर धरला तरी पलीकडचा आकडा दिसत नाही. पृष्ठभागावर बारीक खळग्यांचा पोत उमटवलेला असतो, ज्याला उत्पादक ‘कॅम्ब्रिक फिनिश’ म्हणतात. त्या खळग्यांत हवा राहत असल्यामुळे पत्ते एकमेकांना न चिकटता सरकतात, आणि अर्धा अर्धा कॅट करून एकमेकांत शिरवत पिसले की ते जवळजवळ एकाआड एक बसतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे गुळगुळीत पत्ते दोन-चार डावांनंतर जसे गठ्ठ्याने सरकू लागतात, तसे येथे होत नाही. प्रामाणिक डावाला नीट पिसलेला कॅट लागतो, त्यामुळे पिसण्यातली ही सहजता मी या कॅटचा पहिला गुण मानतो.

पाठीवरच्या जाळीला पांढरी चौकट नाही. शंकरपाळ्या थेट कडेपर्यंत जातात आणि तेथेच कापल्या जातात. चौकट नसल्यामुळे एखादा पत्ता कॅटमध्ये उलटा गेला तर त्याची पांढरी कड लगेच डोळ्यात भरते. मात्र याच रचनेत एक धोकाही आहे. कापताना पाते केसभर सरकले, तर पत्त्याच्या एका लांब कडेवर अर्धी शंकरपाळी आणि दुसऱ्या कडेवर पाव शंकरपाळी उरते, आणि तीक्ष्ण नजरेच्या माणसाला पत्ता पाठीवरूनच ओळखता येतो. हे केवळ तर्काने सांगत नाही. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्‌स कॅसिनोत फिल आयव्ही या व्यावसायिक जुगाऱ्याने आणि त्याच्या सहकारी महिलेने पत्त्यांच्या कडांतला असाच फरक हेरून सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. कॅसिनोने ते देण्यास नकार दिला आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. तो खेळ ब्लॅकजॅक नव्हता, बॅकरॅ या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळाचा एक प्रकार होता. पण पाठीवरची नक्षी किती गांभीर्याने तपासावी लागते, हे त्या प्रकरणाने साऱ्या कॅसिनो जगाला शिकवले. माझ्याकडच्या दोन्ही कॅटांच्या कडा मी भिंगाखाली ताडून पाहिल्या आणि त्या समसमान आहेत, हे येथे नोंदवतो.

आता या खेळाच्या मुळाकडे वळू. एकवीसच्या खेळाचा सर्वांत जुना भरवशाचा उल्लेख सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या ‘रिंकोनेते आणि कोर्तादिलियो’ या कथेत सापडतो. ती १६१३ च्या संग्रहात छापली गेली. तिच्यातला एक पोरगेला भामटा आपल्याजवळच्या मळक्या, झिजलेल्या पत्त्यांची थोरवी दुसऱ्याला सांगतो. हे पत्ते दिसायला कितीही वाईट असले तरी जाणत्याच्या हातात त्यांची करामत अशी, की कसेही काटले तरी खाली एक्का येतोच. आणि पहिलाच पत्ता एक्का असल्याची ज्याला खात्री आहे, त्याला तो एक म्हणूनही चालतो आणि अकरा म्हणूनही, त्यामुळे पैसा घरातच राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या बढाईत आजचा खेळ जवळजवळ पूर्ण सापडतो. एक्क्याची दुहेरी किंमत तिच्यात आहे, एकवीसचे उद्दिष्ट आहे, आणि पुढचा पत्ता ठाऊक असण्याचा मोबदलाही आहे. आजच्या नियमांनी हिशेब केला, तर पहिला पत्ता एक्का असल्याचे ठाऊक असलेल्या खेळाडूचा फायदा पणाच्या, म्हणजे लावलेल्या रकमेच्या, सुमारे निम्म्याइतका भरतो. म्हणजे त्या पोराचे गणित पक्के होते.

स्पेनमधल्या त्या पत्त्यांत आठ, नऊ आणि दहाचे पत्ते नसत. बावन्न पत्त्यांवरचा एकवीसचा खेळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ‘व्हँत-एँ’ या नावाने रुळला आणि तेथून इंग्लंडच्या दिवाणखान्यांत गेला. नेपोलियनला सेंट हेलेनाकडे नेत असताना जहाजावर तो हाच खेळ खेळत असे. हातातल्या पत्त्यांवरचे राजे, राण्या आणि गुलामही फ्रान्सचेच. रुआँ शहरातल्या कारागिरांचे नमुने इंग्लंडमध्ये गेले, तेथे पिढ्यान्‌पिढ्या नकला होत होत त्यांचे रेखाटन ओबडधोबड झाले, आणि तेच आज बी कॅटमध्ये दिसते. बदामचा राजा स्वतःच्याच डोक्यात तलवार खुपसत असल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या नकलांमध्ये आहे. इस्पिकच्या एक्क्यावरची भरगच्च नक्षी हा मात्र इंग्रज सरकारच्या करवसुलीचा वारसा. १७६५ पासून हा पत्ता सरकारी मुद्रांक कचेरीतच छापला जाई, म्हणजे कर भरल्याशिवाय कॅट पुराच होत नसे. कर गेला तरी नक्षी राहिली.

या जुन्या खेळात बँक, म्हणजे बाकी सर्वांविरुद्ध खेळून पैसे देण्या-घेण्याची बाजू, कोणा एका मालकाची नव्हती. ज्याला पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस मिळत, त्याच्याकडे वाटप जाई. वाटणारा स्वतःच्या अकलेने पत्ता ओढे किंवा थांबे. घरगुती डावांत ही पद्धत छान रंगते, आणि आपल्या मुलांना हा खेळ शिकवायचा असेल तर चिंचोके घेऊन याच पद्धतीने शिकवावा, असे मी सुचवीन.

अमेरिकेच्या पश्चिम भागात खेळ पसरला तो सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या वस्त्यांतून. कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी या गावात १८५४ मध्ये एलिनॉर ड्युमाँ नावाच्या बाईने एकवीसचा स्वतःचा अड्डा उघडला आणि ती स्वतः पत्ते वाटायला बसू लागली. खाणीतल्या धुळीने माखलेल्या पुरुषांनी तिच्या टेबलाशी शिस्तीने बसावे, असा तिचा दरारा होता. पुढच्या काळात ‘मादाम मुस्टॅश’, म्हणजे मिशीवाली बाई, या चेष्टेच्या नावाने ती अनेक खाणगावांतून फिरली आणि १८७९ मध्ये बोडी या गावी सर्व हरल्यावर तिने जीव दिला. या खेळाच्या इतिहासात नाव टिकलेल्या वाटणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना लोक मिशीवरच थांबतात याचे मला वाईट वाटते. पत्ते वाटण्याचे काम हा एक व्यवसाय होऊ शकतो आणि त्यात सचोटीची कीर्ती हेच भांडवल असते, हे तिने त्या रानवट मुलखात दाखवून दिले.

बी कॅटचा जन्म याच शतकाच्या अखेरीचा. न्यूयॉर्क कन्सॉलिडेटेड कार्ड कंपनीने तो १८९२ मध्ये बाजारात आणला आणि क्रमांकातले ९२ त्या वर्षाचेच. पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा आणि चिन्ह छापण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात १८७० च्या दशकात याच कंपनीचा मोठा वाटा होता. त्याआधी पत्त्यावरची चिन्हे मोजावी लागत आणि त्यासाठी पत्ते पसरून धरावे लागत. कोपऱ्यातल्या आकड्यामुळे ते एका हातात आवळून, शेजाऱ्याला न दिसता वाचता येऊ लागले. १८९४ मध्ये ही कंपनी सिनसिनाटीच्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या ताब्यात गेली. त्या कंपनीचा कारखाना २००९ मध्ये केंटकी राज्यातल्या अर्लँगरला हलला आणि २०१९ पासून मालकी बेल्जियमच्या कार्टामुंडीकडे आहे. एवढ्या उलाढालीत पाठीवरची जाळी मात्र तशीच ओळखीची राहिली.

ब्लॅकजॅक हे नावही त्याच सुमाराचे. इस्पिकचा एक्का आणि काळा गुलाम (इंग्रजीत ब्लॅक जॅक) एकत्र आल्यास दसपट रक्कम देण्याची जाहिरात कॅसिनोंनी केली, म्हणून हे नाव पडले, असे सर्रास सांगितले जाते. फ्रेंच पत्ते-इतिहासकार तिएरी देपोलिस यांच्या संशोधनानुसार हे नाव १८९६ नंतरच्या, कॅनडातल्या क्लोंडाइकमधल्या सोन्याच्या धावपळीत, म्हणजे कॅसिनोंच्या जाहिरातींच्या कितीतरी आधी, खाणकामगारांत रूढ झाले होते. मला हेच पटते.

१९ मार्च १९३१ रोजी नेवाडाचे गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली आणि खेळ उघड्यावर आला. या कॅसिनो-पद्धतीत दोन गोष्टी ठरून गेल्या. बँक कायमची घराची, म्हणजे कॅसिनोची, झाली, आणि वाटणाऱ्याच्या हातचा निर्णय नियमाने काढून घेतला गेला. त्याने सोळापर्यंत पत्ता ओढायचा आणि सतरावर थांबायचे, आणि त्याचा एक पत्ता सर्वांना दिसेल असा उघडा ठेवायचा. घराची कमाई येते ती एवढ्याचमुळे, की खेळाडूला आधी खेळावे लागते. तो एकवीसच्या पुढे गेला की त्याचे पैसे जातात, मग नंतर वाटणाराही पुढे गेला तरी ते परत मिळत नाहीत. पण वाटणारा नियमाने बांधला गेल्यामुळेच हा खेळ गणिताच्या कक्षेत आला.

ते गणित प्रथम पुरे केले चार तरुणांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायसेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी केंद्रात कामाला होते. त्यांनी फावल्या वेळात टेबलावरच्या गणनयंत्रांवर प्रत्येक डावाचा हिशेब मांडला आणि १९५६ च्या सप्टेंबरात अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. कोणत्या पत्त्यांवर ओढावे आणि कोणत्यांवर थांबावे याचा त्यांनी दिलेला तक्ता पाळला, तर घराचा फायदा शेकडा ०.६२ एवढाच उरतो, असे त्यांचे उत्तर होते. आज कोणताही नवशिक्या जो तक्ता पाठ करतो, त्याचा पाया या चौघांनी घातला. प्रसिद्धी मात्र पुढच्याला मिळाली.

तो पुढचा म्हणजे एडवर्ड थॉर्प. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात गणित शिकवणाऱ्या थॉर्प यांनी तो लेख वाचला आणि पुढची पायरी चढली. चौघांनी प्रत्येक डाव नव्या कॅटचा मानला होता. थॉर्प यांनी विचारले, की एका कॅटमधून डावामागून डाव वाटले जात असताना निघून गेलेले पत्ते परत येत नाहीत, मग उरलेल्या पत्त्यांचा तोल कोणाच्या बाजूने झुकतो? आयबीएम ७०४ संगणकावर त्यांनी हे तपासले. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या साहाय्याने त्यांचा निबंध १९६१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला, आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यांचे म्हणणे समजून घ्यायला बी कॅट हाताशी असावा. त्यातून चारही पंज्या काढून बाजूला ठेवा. वाटणाऱ्याकडे बारा ते सोळा यांपैकी काहीही असेल तर नियमाने त्याला ओढावेच लागते, आणि अशा वेळी पंजी त्याला प्रत्येकदा वाचवते. बाराचे सतरा होतात, तेराचे अठरा, चौदाचे एकोणीस, पंधराचे वीस आणि सोळाचे एकवीस. वाटणाऱ्याचा हा तारणहार कॅटमधून गेला, की तक्ता त्यानुसार बदलून खेळणाऱ्याला शेकडा तीनहून अधिक फायदा मिळतो. उलट दश्श्या, चित्रे (त्यांचीही किंमत दहाच) आणि एक्के निघून गेले की पारडे घराकडे जाते, कारण दोन पत्त्यांत एकवीस होण्याचा योग दुरावतो. एका कॅटमध्ये तो योग शेकडा ४.८, म्हणजे साधारण एकवीस डावांत एकदा येतो. मी माझ्या बारा वर्षांच्या भाचीला हे पत्ते मांडून दाखवले, तेव्हा पंजीचा हा गुण तिने मी सांगण्याआधीच बोटांवर मोजून काढला. शाळेत संभाव्यतेचा धडा शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. त्यासाठी पैसा लावण्याची मुळीच गरज नाही.

कॅसिनो घाबरले. लास व्हेगासमधल्या कॅसिनोंनी १ एप्रिल १९६४ पासून पण दुप्पट करण्याचे आणि जोडीने आलेले एक्के वेगळे करून दोन डाव खेळण्याचे नियम आवळले. लोकांनी टेबलेच टाकली, तेव्हा काही आठवड्यांत नियम पूर्ववत करावे लागले. मग त्यांनी नियमांऐवजी कॅटांची संख्या बदलली. सहा कॅट म्हणजे ३१२ पत्ते एका लांबट पेटीत भरले, की चार पंज्या गेल्या काय आणि राहिल्या काय, तोल फारसा हलत नाही. त्यातही शेवटचे बरेच पत्ते न वाटताच पुन्हा पिसायला घेतले जातात. पुढे सतत पिसत राहणारी यंत्रे आली आणि गेलेला पत्ता पुढच्याच डावात परत येऊ शकू लागला. पत्ते मोजणाऱ्यांना, म्हणजे निघून गेलेल्या पत्त्यांचा असा हिशेब ठेवणाऱ्यांना, बाहेर काढण्याचा प्रश्न न्यायालयातही गेला. केन यूस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या दाव्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंना तसे करण्यास मनाई केली. नेवाडात मात्र आजही त्यांना दार दाखवता येते. डोके वापरणे म्हणजे फसवणूक नव्हे, आणि या बाबतीत न्यू जर्सीची भूमिकाच मला न्याय्य वाटते.

अलीकडची सर्वांत वाईट गोष्ट त्यामानाने गुपचूप झाली. दोन पत्त्यांतल्या एकवीसला पूर्वी शंभराच्या पणावर दीडशे मिळत. गेल्या दोन-अडीच दशकांत अनेक टेबलांवर तेथे एकशेवीसच मिळू लागले आहेत. एवढ्याने घराचा वाटा शेकडा १.४ ने वाढतो, म्हणजे अ‍ॅबरडीनच्या चौघांनी घराचा जेवढा फायदा उरतो असे दाखवले, त्याच्या दुपटीहून अधिक त्यात भर पडते. गंमत म्हणजे एकाच कॅटवरची जुन्या वळणाची टेबले पुन्हा दिसू लागली आहेत ती बहुधा याच दराने, आणि एक कॅट पाहून आलेला माणूस दर वाचतच नाही.

भोक पडलेल्या कॅटकडे परत पाहताना कोपऱ्यांचा आणखी एक भाग कळतो. वाटणाऱ्याचा उघडा पत्ता एक्का किंवा दहाचा असला, की त्याने आपला झाकलेला पत्ता कोपरा उचलून पाहायचा, अशी जुनी रीत होती. कोपऱ्यातला एक्क्याचा इंग्रजी ए आणि चारचा आकडा अर्धवट दिसले तर सारखे भासतात, म्हणून वाटणारा क्षणभर जास्त पाही, आणि सराईत खेळाडू पत्त्याऐवजी त्याचा चेहरा वाचत. यावर उपाय म्हणून टेबलातच आरसा किंवा भिंग बसवण्यात आले आणि पत्ता न उचलता तपासला जाऊ लागला.

मराठी वाचकाला हा खेळ जवळपास कायदेशीर टेबलावर पाहायचा तर गोव्यात मांडवीतल्या बोटींवर जावे लागते. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबल-खेळांना परवानगीची वाट करून देण्यात आली. योगायोग असा, की महाराष्ट्रानेही कॅसिनोंचा कायदा १९७६ मध्येच केला होता. पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. बोटीवर जाणाऱ्याने बसण्यापूर्वी टेबलावरचा दर आणि पेटीतल्या कॅटांची संख्या विचारावी, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.

कॅट म्हणून घरी वापरायचा असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा कागदी पत्ता आहे आणि कोकणातली किंवा मुंबईतली पावसाळी हवा कोणत्याही कागदी पत्त्याला मानवत नाही. खोके घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रुंदी अडीच इंच असल्यामुळे रमीचे तेरा पत्ते लहान हातांना पेलत नाहीत. त्यासाठी सव्वादोन इंची पत्ते बरे. मेंढीकोट किंवा बदाम सात यांना मात्र हा कॅट उत्तम. आयात माल असल्याने आपल्याकडे तो स्थानिक कॅटाच्या कितीतरी पट किमतीला पडतो, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकरवी मागवणे श्रेयस्कर. घरात चष्म्याचा नंबर वाढलेली मंडळी असतील तर मोठ्या आकड्यांची आवृत्तीही मिळते. वापरून बाद केलेला कॅसिनोचा कॅट मिळाला, तर नव्याआधी तो घ्यावा आणि त्यातले बावन्न पत्ते पुरे आहेत ना, हे मोजूनच पैसे द्यावेत.